इंजिन बदललं, पण आरसा का थरथरतोय?

"तुझी पीएचडी नेमकी कशावर आहे?" या प्रश्नाला मी आजवर "रबरावर" असं उत्तर देत आलोय. त्यावर समोरचा माणूस एकतर हसतो, नाहीतर विषय बदलतो. आज जरा नीट सांगतो. त्यासाठी तुम्हाला आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये यावं लागेल.

मी इंग्लंडमध्ये ज्या गल्लीत राहतो, तिथे दोन घरं सोडून एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे १९७६ सालची एमजीबी जीटी आहे. छोटी, दोन दारांची, लांब बॉनेटची स्पोर्ट्स कार. त्यांनी तिचं मूळचं चार सिलिंडरचं इंजिन काढून भंगारातल्या एका रोव्हर गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलंय. घरच्या गॅरेजमध्ये, भाड्याने आणलेल्या क्रेनने, दोन हिवाळे खपून. गाडी सुरू झाली, पळायलाही लागली. पण सिग्नलला उभी राहिली की आतला आरसा असा थरथरायचा की मागच्या गाडीचे दिवे नुसते फिसकटलेले दिसायचे.

"तू व्हायब्रेशनवाला ना? बघ जरा," असं म्हणून त्यांनी मला बोलावलं. पुढचे तीन शनिवार आम्ही त्या एका थरथरीमागे होतो.

हेच इंजिन का?

आधी थोडी पार्श्वभूमी. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला तयार झाली. तिचं इंजिन १७९८ सीसीचं, बिडाचं, दणकट पण वजनदार. त्याची ताकद ९५ अश्वशक्तीच्या आसपास.

रोव्हरचं व्ही-८ इंजिन मुळात अमेरिकन. जनरल मोटर्सने ते १९६१ च्या सुमाराला ब्युइक गाड्यांसाठी बनवलं होतं आणि दोन-तीन वर्षांतच बंद केलं. १९६५ मध्ये रोव्हर कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ते निरनिराळ्या रूपांत वापरलं. रेंज रोव्हरमध्ये होतं ते हेच. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ३५२८ सीसी आणि आठ सिलिंडर असूनही त्याचं वजन एमजीच्या बिडाच्या चार सिलिंडरवाल्याइतकंच भरतं.

म्हणजे गाडीचं नाक जड होत नाही, पुढच्या स्प्रिंगा दबत नाहीत आणि ताकद मात्र वाढते. हे पहिल्यांदा करून विकलं ते केन कॉस्टेलो या इंग्लिश रेसिंग ड्रायव्हरने, १९७० च्या आसपास. त्याच्या गाड्यांच्या बॉनेटला फुगवटा असायचा, कारण कार्ब्युरेटर वर येत होते. मग कंपनीनेही १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. त्यात कार्ब्युरेटर मागे सरकवून बॉनेट सपाट ठेवलं होतं. १९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या तयार झाल्या. ताकद १३७ अश्वशक्ती.

थोडक्यात, आमच्या आजोबांनी काही अचाट केलेलं नव्हतं. वाट मळलेली होती. अडचण होती ती इंजिन आणि गाडी जिथे एकमेकांना भेटतात तिथे.

इंजिनालाही उलटा धक्का बसतो

इंजिन गाडीत नुसतं ठेवलेलं नसतं. रबर आणि लोखंड एकत्र चिकटवून बनवलेल्या तुकड्यांवर ते टेकलेलं असतं. दोन तुकडे इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूला, आणि एक-दोन मागे गिअरबॉक्सखाली. पुस्तकात त्याला इंजिन माउंट म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात 'फाउंडेशन'. मला हा शब्द जास्त आवडतो, तोच वापरतो.

या फाउंडेशनचं काम फक्त वजन पेलणं असतं, तर प्रश्नच नव्हता. पण न्यूटनचा तिसरा नियम आठवा. इंजिन मागच्या शाफ्टला एका दिशेने पिळतं, तेव्हा शाफ्ट इंजिनाला उलट दिशेने पिळतो. तो उलटा पीळ फाउंडेशनवर येतो.

आकडेमोड करून बघू. मूळच्या इंजिनाचा पीळ जास्तीत जास्त १५० न्यूटन-मीटरच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण ३.४ पट होतो, म्हणजे ५१० न्यूटन-मीटर. दोन फाउंडेशनमध्ये अर्धा मीटर अंतर आहे असं धरलं, तर प्रत्येकावर सुमारे १०२० न्यूटन बल येतं. म्हणजे जवळजवळ १०४ किलो वजनाइतकं. एका बाजूला हे बल खाली दाबतं, दुसऱ्या बाजूला वर उचलतं.

व्ही-८ चा पीळ २६० न्यूटन-मीटर धरा आणि पहिला गिअर ३.३ पटीचा. तोच हिशोब आता १७५ किलोवर जातो. इंजिन-गिअरबॉक्सचं वजन मिळून एका बाजूच्या फाउंडेशनवर ६०-७० किलो असेल. म्हणजे जोरात गाडी काढली की डावीकडचं फाउंडेशन दाबलं जात नाही, ते शंभरेक किलोच्या जोराने वर ओढलं जातं. आणि लोखंडाला चिकटवलेल्या रबराचा स्वभाव असा, की दाब ते वर्षानुवर्षं सोसतं, ओढ मात्र फार काळ सोसत नाही.

आजोबांनी सुरुवातीला जुन्याच पद्धतीची रबरी फाउंडेशन टाकली होती. चार महिन्यांनी एका चौकात गाडी काढताना डावीकडून 'धड्' आवाज आला, आणि पाय काढला तरी इंजिन एकदम रेस झालं. त्यांनी क्लच दाबला, चावी फिरवली, गाडी कडेला घेतली. घरी येऊन बघतात तर डावीकडचं रबर लोखंडापासून सुटलेलं. इंजिन वर उचललं गेलं, आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल एका टोकाला गाडीच्या अंगाला बांधलेली असल्यामुळे ताणली गेली. म्हणजे इंजिनाने स्वतःच स्वतःला रेस दिली. रेस वाढली की पीळ वाढतो, पीळ वाढला की इंजिन आणखी वर जातं. दुष्टचक्रच.

हा प्रकार नवा नाही. १९७१ च्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सला याच कारणासाठी सुमारे ६७ लाख शेव्हर्ले गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. फाउंडेशन तुटून इंजिन उचललं जात होतं आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकत होता. उपाय काय केला? इंजिनाला एक तारेचा दोर बांधला, म्हणजे रबर सुटलं तरी इंजिन फार वर जाणार नाही.

एका अनुभवाने शहाणे झालेल्या आमच्या आजोबांनी मग रबर काढून कडक पॉलियुरेथेनची फाउंडेशन बसवली. ती तुटायचं नाव घेत नव्हती. आणि तेव्हापासून आरसा थरथरायला लागला.

एकाच तुकड्याकडून दोन उलट अपेक्षा

इथे माझा विषय सुरू होतो. फाउंडेशन कडक असावं, म्हणजे इंजिन जागेवर राहतं. आणि ते मऊ असावं, म्हणजे इंजिनाची थरथर गाडीच्या अंगात उतरत नाही. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

मऊपणाने थरथर का अडते, हे समजायला झोका आठवा. प्रत्येक झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत ढकललं तर तो चढत जातो. त्यापेक्षा खूप भरभर ढकलत राहिलात तर तो जागच्या जागी नुसता चुळबुळ करतो. रबरावर बसलेल्या इंजिनाचीही अशी एक स्वतःची लय असते. समजा ती सेकंदाला १२ वेळा, म्हणजे १२ हर्ट्झ आहे.

आता ढकलणारा कोण? सिलिंडरमधले स्फोट. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन धक्के, आठ सिलिंडरच्या इंजिनात चार. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले तर चार सिलिंडरला २६.७ हर्ट्झ, आठ सिलिंडरला ५३.३ हर्ट्झ.

नियम असा: धक्क्यांची लय इंजिनाच्या स्वतःच्या लयीच्या १.४१ पटीपेक्षा जास्त असेल, तरच थरथर कमी होऊन पुढे जाते. जितकी जास्त, तितकं चांगलं. १२ हर्ट्झच्या फाउंडेशनवर चार सिलिंडरच्या धक्क्यांपैकी साधारण पाव भाग गाडीत उतरतो. आठ सिलिंडरचा जेमतेम ५ टक्के. म्हणून व्ही-८ गाड्या इतक्या मखमली वाटतात.

उलट उदाहरण हवं असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. आपल्याकडे एकेकाळी जुन्या पेट्रोल जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायची पद्धत होती. चार सिलिंडर, डिझेलचे जोरदार धक्के, आणि आयडलिंगची लय खालची. उभ्या जीपमध्ये बसून बोलताना आवाज कापायचा तो यामुळेच.

मग आजोबांचं मखमली व्ही-८ का थरथरत होतं?

मोबाइलने मला कसं फसवलं

पहिल्या शनिवारी मी मोबाइल डॅशबोर्डवर चिकटवला. फोनमध्ये त्वरणमापक असतोच, आणि तो वाचणारी फुकट अ‍ॅपही मिळतात. गाडी आयडलिंगला. पडद्यावर एक ठसठशीत शिखर आलं: ४७ हर्ट्झ.

४७? हा आकडा कशातच बसेना. आठ सिलिंडरच्या हिशोबाने ४७ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ७०० फेरे. मीटर दाखवत होता ८००. "मीटर खोटा असेल," मी म्हणालो. आजोबांना ते काही पटलं नाही. मीटर त्यांनी स्वतः तपासलेला होता.

त्यांनी थोडी रेस वाढवली, ८५० केली. आणि शिखर ४३ वर *उतरलं*.

हे बघून मला स्वतःचीच लाज वाटली. इंजिन जोरात फिरतंय आणि आकडा कमी होतोय, याचा अर्थ एकच. जुन्या सिनेमात टांगा जोरात पळतो आणि चाक उलटं फिरताना दिसतं, बघितलंय ना? कॅमेरा ठरावीक वेळाने चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मधे चाक जवळजवळ एक आरा पुढे गेलं, तर डोळ्याला ते थोडं मागे गेल्यासारखं वाटतं. माझा मोबाइल सेकंदाला १०० वेळा मोजत होता. अशा मोजणीत ५० हर्ट्झच्या वरची कुठलीही थरथर खरी दिसूच शकत नाही. ती ५० च्या रेषेवर दुमडून खाली येते. १०० उणे ५३ म्हणजे ४७. १०० उणे ५७ म्हणजे ४३. मीटर खरा होता, माझं यंत्र तोकडं होतं.

तुम्ही कधी मोबाइलने काही थरथर मोजलीत, तर ही एक युक्ती लक्षात ठेवा: वेग थोडा वाढवून बघा. आकडा वेगाबरोबर वर गेला तरच तो खरा.

हातोडीची एक टिचकी

दुसऱ्या शनिवारी मी प्रयोगशाळेतून नीट सेन्सर आणला, सेकंदाला हजार वेळा मोजणारा. आता ५३ हर्ट्झ स्पष्ट दिसलं. पण धक्के कुठल्या लयीत येतात ते आधीच माहीत होतं. हवी होती ती इंजिनाची स्वतःची लय.

ती काढायला इंजिन बंद केलं, सेन्सर इंजिनावरच लावला आणि रबरी हातोडीने बाजूने एक टोला दिला. घंटा वाजवल्यावर ती जशी तिच्या स्वरात निनादते, तसं इंजिन फाउंडेशनवर क्षणभर निनादलं. लय आली ४४ हर्ट्झ.

कडक पॉलियुरेथेनने घोटाळा केला होता तो हा. १२-१५ हर्ट्झच्या ऐवजी इंजिनाची लय ४४ वर गेली होती, आणि धक्के ५३ वर. दोन्ही शेजारी शेजारी. हिशोबाने धक्क्यांचा ५ टक्के नाही, जवळजवळ दुप्पट भाग गाडीत उतरत होता. अडवायचं सोडून फाउंडेशन थरथर वाढवत होतं.

यातून आजोबांचं एक जुनं कोडंही सुटलं. थरथर कमी व्हावी म्हणून ते आयडलिंग कमी करत होते, आणि थरथर वाढत होती. साहजिकच आहे. मिनिटाला ६६० फेरे झाले की धक्क्यांची लय बरोबर ४४ हर्ट्झ होते, झोक्याला अगदी लयीत ढकलल्यासारखी. उलट ९३५ च्या वर गेलं की १.४१ पटीची रेषा ओलांडली जाते. खरोखरच हजारच्या वर आरसा शांत व्हायचा.

आणखी एक गोष्ट तपासून घेतली. एखादा सिलिंडर पेटत नसेल, आपल्या भाषेत इंजिन 'मिसिंग' मारत असेल, तर दोन फेऱ्यांत एक धक्का हुकतो. ८०० फेऱ्यांना ती लय ६.७ हर्ट्झ येते. ती इतकी खालची आहे की कुठलंच फाउंडेशन तिला अडवू शकत नाही. तिथे प्लग आणि कार्ब्युरेटरच बघावे लागतात. आमच्या आलेखात ६.७ वर काही नव्हतं. आठही सिलिंडर इमानदार होते.

आणि आता माझं रबर

तिसऱ्या शनिवारपर्यंत आजोबांनी नवी रबरी फाउंडेशन आणली. लोखंडाचे दोन भाग एकमेकांत अडकलेले, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन सुटणार नाही, अशा बनावटीची. शिवाय इंजिनाच्या डोक्यापासून गाडीच्या अंगापर्यंत एक आडवा दांडा बसवला. त्याच्या टोकाला थोडी मोकळीक ठेवली. आयडलिंगला तो दांडा काहीच करत नाही. जोरात गाडी काढली की इंजिन थोडं कलतं, मोकळीक संपते आणि पीळ दांडा घेतो. दोन उलट अपेक्षा दोन वेगळ्या वस्तूंकडे सोपवल्या.

विक्रेत्याने दिलेल्या कडकपणावरून मी हिशोब केला होता: इंजिनाची लय १८ हर्ट्झ यायला हवी. हातोडीने टोला दिला तर आली २३. म्हणजे रबर कागदावरच्यापेक्षा दीडपटीहून अधिक कडक निघालं.

विक्रेता खोटारडा नव्हता. त्याने रबर यंत्रात घालून सावकाश, काही मिलिमीटर दाबून मोजलं होतं. माझा टोला बारीक आणि झटपट होता. आणि गाडीच्या रबराचा गमतीचा स्वभाव असा, की बारीक थरथरीला ते जास्त कडक असतं आणि मोठ्या हालचालीला मऊ.

कारण त्याच्या काळ्या रंगात आहे. टायर आणि फाउंडेशनच्या रबरात बळकटीसाठी काजळी मिसळतात. काजळीचे अतिसूक्ष्म कण रबरात एकमेकांना धरून जाळं करतात. हालचाल अगदी बारीक असेल तर जाळं शाबूत राहतं आणि रबराला ताठ ठेवतं. हालचाल मोठी झाली की कणांची पकड सुटते आणि रबर मऊ होतं. थोडा वेळ विश्रांती दिली की पकड पुन्हा जमते. पेन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९६० च्या दशकात याचा सविस्तर अभ्यास केला, म्हणून त्याला पेन परिणाम म्हणतात.

आपल्याला हवं त्याच्या हे नेमकं उलट आहे. आयडलिंगच्या बारीक थरथरीला मऊ आणि गाडी काढतानाच्या मोठ्या पिळाला कडक असं रबर हवं, आणि निसर्ग देतो त्याच्या उलट. माझं पीएचडीचं काम एवढंच: काजळी किती, हालचाल किती मोठी, वेग किती, तापमान किती, यावरून रबर प्रत्यक्षात किती कडक वागेल हे आधीच सांगणारं गणित बसवणं. म्हणजे १८ चे २३ झाले, हे गाडीत बसवल्यावर नाही, आधी कळेल.

२३ हर्ट्झवर आजोबांचं काम मात्र झालं. आता धक्क्यांचा पाव भागाहून कमी वाटा गाडीत उतरतो. आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो.

तुम्हालाही करायचं असेल तर

हे वाचून कुणाला हुरूप आला असेल, तर आधी कायदा. इंग्लंडमध्ये इंजिन बदललं की नवा नंबर आणि सीसी वाहन नोंदणी खात्याला कळवावे लागतात. विमा कंपनीलाही सांगावं लागतं. भारतात नियम जास्त कडक आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मनाला येईल तसा करता येत नाही. तेव्हा पाना हातात घ्यायच्या आधी आरटीओत चौकशी करा.

पण इंजिन न बदलताही एक गोष्ट करता येईल. तुमची गाडी दहा वर्षांची असेल आणि हल्ली सिग्नलला जास्त थरथरत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एवढंच सांगा: "फाउंडेशन बघा जरा." रबराला भेगा आहेत का, लोखंडापासून सुटलंय का, हे बॅटरी मारून दोन मिनिटांत दिसतं. गाडी काढताना 'धड्' आवाज येत असेल तर सर्व्हिसिंगचीही वाट बघू नका. आमच्या आजोबांना त्या चौकात क्लच वेळेवर सुचला. त्यांनी काढलेलं ते फाटकं रबर आता माझ्या टेबलावर आहे, पुढच्या महिन्यात त्याचीच चाचणी घेणार आहे.